२०१९ साली अहिल्यानगर

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे ‘साइटवरून अमुक नाव काढून टाका’ अशा विनंत्या वाढतात. स्थळं बघायला सुरुवात होते, मुलीकडचे मुलाचं आणि मुलाकडचे मुलीच्या वडिलांचं नाव मोबाइलवर शोधतात, आणि पंधरा वर्षांपूर्वीचं काहीतरी वर येतं. बाहेरच्या लोकांना वाटतं, माहिती काढून टाकायला लावणारे म्हणजे पुढारी नाहीतर बिल्डर. पुढारी येतात, पण निवडणुकीच्या तोंडावर, आणि त्यांचं मागणं एकच असतं: आधीचा पक्ष खोडा. एरवी सगळी साधी माणसं. भावकीतल्या दोघांनी मिसळीच्या एकाच दुकानाचा मूळ मालक आपापला आजोबा असल्याचं कळवून दुसऱ्याचा आजोबा खोडायला सांगितलं होतं. एका प्रकाशकाने १८८३ च्या नाशिक गॅझेटियरमधला उतारा आम्ही त्याच्या पुस्तकातून चोरला म्हणून नोटीस धाडली. सरकारी प्रकाशनावरचा हक्क साठ वर्षांनी संपतो. आम्ही त्याला तसं कळवलं, आणि उतारा गॅझेटियरच्या कुठल्या पानावर आहे तेही कळवलं.

मी नाशिकमधल्या एका मराठी संदर्भ-साइटवर काम करते. उत्तर महाराष्ट्रातली गावं, धरणं, देवळं, संस्था, गाजलेले खटले यांच्या नोंदी. ऑफिस शरणपूर रोडला, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. त्याआधी वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होते, म्हणजे दुसऱ्याच्या मजकुरातली चूक पकडण्यावर पोट. आता पद आहे ‘तक्रार निवारण अधिकारी’. २०२१ च्या आयटी नियमांमुळे असा माणूस नेमावा लागतो आणि त्याचं नाव साइटवर ठळक द्यावं लागतं. शिव्या कोणाला द्यायच्या हे लोकांना कळावं म्हणून असेल.

काही विनंत्यांवर आम्ही चर्चाच करत नाही. अत्याचारग्रस्त बाईची ओळख पटेल असं काही राहून गेलं असेल, लहान मुलाचं नाव आलं असेल, तर आधी झाकायचं आणि मग चहा. कायदाच तसा आहे, आणि नसता तरी केलं असतं. भांडण असतं ते बाकीच्यांशी.

हे प्रकरण एका बुडालेल्या पतसंस्थेचं. तिचं नाव इथे लिहीत नाही. मुख्य कार्यालय नाशिकला, शाखा निफाड, येवला आणि पलीकडे कोपरगावपर्यंत. ठेवी अडकल्या, संचालकांवर गुन्हा दाखल झाला, ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा लागला, म्हणजे लोक ज्याला एमपीआयडी म्हणतात तो. आमच्या नोंदीत हे सगळं क्रमाने होतं: आरोपींची नावं, मालमत्ता जप्तीच्या अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख, सक्षम प्राधिकाऱ्याचं, म्हणजे जप्त मालमत्ता ज्याच्या ताब्यात असते त्या सरकारी अधिकाऱ्याचं, कार्यालय कुठे, ठेव परत मागायच्या अर्जाला काय जोडायचं. संदर्भकोशात अर्जाची कागदपत्रं कशाला, असं आमच्या संपादकांचं मत होतं. मी हट्टाने ठेवली होती.

नोटीस आमच्याकडे आलीच नाही. ती गेली परदेशातल्या सर्व्हर कंपनीकडे, आणि तिथून रात्री मेल आली: तुमच्या साइटवरचं हे पान चोरीचं आहे अशी तक्रार आहे, २४ तासांत काढा, नाहीतर सर्व्हर बंद. तक्रार अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्याखाली. तक्रारदाराचं म्हणणं, हा लेख त्याच्या ब्लॉगवर जून २०१९ पासून आहे आणि आम्ही तो शब्दशः उचलला.

आपल्याकडचा २०१३ च्या कॉपीराइट नियमांतला ७५ वा नियम निदान दोन्ही बाजूंना धरून चालतो. तक्रारदाराने दावा लावण्याची हमी द्यायची, साइटवाल्याची खात्री पटली तर त्याने ३६ तासांत पान झाकायचं, ते २१ दिवस. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आला नाही तर पान पुन्हा उघडता येतं. अमेरिकी पद्धतीत सर्व्हर कंपनी पान लगेच काढून मोकळी झाली की तिच्यावर काही येत नाही. मग ती तपासायच्या भानगडीत कशाला पडेल? नोटीस पाठवणाऱ्याला हे नेमकं ठाऊक होतं, म्हणून तो आमच्या दारात आलाच नाही.

संपादकांनी रात्रीच पान बंद केलं. माणूस विद्वान आहे, पण कलमांचे आकडे असलेलं इंग्रजी पत्र दिसलं की त्यांचा आवाज खाली येतो. वकीलसाहेबांचा सल्ला नेहमीचाच: कटकट कशाला, काढून टाका. त्यांच्या सल्ल्याने चाललो असतो तर आत्तापर्यंत साइटवर फक्त धरणं उरली असती, आणि तीही गाळासकट.

सकाळी मी तो ब्लॉग उघडला. लेख आमचाच होता, स्वल्पविरामासकट. माथ्यावर तारीख जून २०१९. ब्लॉगवर तारीख हवी ती घालता येते, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण ‘घालता येते’ म्हणजे ‘घातली’ असं सिद्ध होत नाही. वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर, त्या पत्त्याची एकही जुनी प्रत नव्हती. तोही पुरावा अर्धाच, कारण कित्येक खऱ्या ब्लॉगांच्याही प्रती तिथे नसतात. डोमेन मात्र अलीकडेच नोंदवलेलं निघालं. तक्रारदार म्हणू शकला असता, लेख आधी दुसरीकडे होता, इथे नंतर हलवला.

मग मी प्रूफ वाचतात तसं वाचायला घेतलं, अर्थाकडे न बघता. तिसऱ्या परिच्छेदात होतं: ‘अहिल्यानगर जिल्ह्यातील शाखा’.

जून २०१९ मध्ये या महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्हा नव्हता. अहमदनगर होता. नामांतराची घोषणा २०२३ ची आणि अधिकृत बदल २०२४ च्या ऑक्टोबरातला. आमच्या नोंदींमध्ये तो बदल मीच एकेक करून केला होता, कारण सरसकट ‘शोधा-बदला’ केलं असतं तर जुन्या पुस्तकांची शीर्षकंही बदलली असती. त्या नोंदीच्या इतिहासात माझ्या नावासमोर तो बदल तारीख-वेळेसह होता. खाली आणखी एक मासला होता: फसवणुकीच्या कलम ४२० पुढे कंसात ‘भारतीय न्याय संहितेत ३१८’. जुन्या दंडसंहितेच्या जागी ती संहिता लागू झाली १ जुलै २०२४ ला. ब्लॉगवाल्याला पाच वर्षं आधीच कलमाचा नवा आकडा कळला होता!

खोटं सांगत नाही, त्या सकाळी मी इतकी खूश होते की खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनाही वर बोलावून दाखवलं. त्यांना फारसं कळलं नाही. आमच्या तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या पोराला कळलं. त्याने सांगितलं की ही पद्धत जगभर चालते: मजकूर उचलायचा, मागची तारीख टाकायची आणि मूळ लेखालाच चोर ठरवायचं. २०२३ च्या नोव्हेंबरात गुगलने अशा खोट्या नोटिसांवरून कॅलिफोर्नियात दावा लावला, त्यात एक लाखाहून जास्त पत्त्यांवर नोटिसा गेल्याचा आरोप होता. गुगलला दावा लावणं जमतं. आम्हाला प्रतिनोटीस, म्हणजे ‘तक्रार चुकीची आहे, पान परत लावा’ असं सर्व्हर कंपनीला उत्तर, द्यायची तरी घाम फुटला, कारण तीत आपलं नाव-पत्ता लिहून अमेरिकेतल्या कोर्टाची अधिकारकक्षा मान्य करावी लागते. नाशिकच्या एका छोट्या ट्रस्टने! संपादक सही करेनात. शेवटी मी तो उतारा, इतिहासाच्या पानाचा फोटो आणि राजपत्राची तारीख एकाखाली एक लावून त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि सही केली. नंतर वकिलांना फोनवर सांगताना मात्र ‘मी पकडलं’ म्हणाले.

प्रतिनोटीस गेली तरी पान लगेच परत येत नाही. कामाचे दहा ते चौदा दिवस थांबायचं, तक्रारदार कोर्टात जातो का ते बघायचं. या काळात फोन येत राहिले. येवल्याचे एक निवृत्त एसटी कंडक्टर, “ताई, ते पतसंस्थेचं पान कुठं गेलं? त्यावर नंबर होता, तहसीलला विचारलं तर म्हणता नंबर आणा.” मी अधिसूचनेचा क्रमांक फोनवर सांगितला. त्यांनी तो दोनदा म्हणून घेतला. अशांना एकेकाला फोनवर आकडे लिहून देत बसले. अर्जाची कागदपत्रं नोंदीत कशाला, हे संपादकांनी त्यानंतर विचारलं नाही.

आणि मग एके दुपारी जिना चढून एक तिशीतला माणूस आला. हातात प्लॅस्टिकची फाइल. “नोटीस आमच्याकडूनच गेली,” तो उभ्या-उभ्याच म्हणाला.

मी मनात संचालकांपैकी कोणाची तरी वाट बघत होते. हा निघाला एका शाखेतल्या रोखपालाचा मुलगा. गुन्ह्यात आरोपी म्हणून वडिलांचं नाव आलं होतं, ते आमच्या नोंदीतही होतं. नंतर विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं, आदेश त्या फाइलमध्ये होता, शिक्क्यासह. गुन्हा दाखल झाल्याची बातमी वर्तमानपत्रांत फोटोसकट आली होती. सुटल्याची कुठेच नाही. बहिणीचं लग्न दोनदा ठरता-ठरता फिसकटलं. मग त्याने ऑनलाइन एक एजन्सी गाठली. ‘डिजिटल प्रतिमा व्यवस्थापन’ असं बिलावर छापलेलं होतं. वडिलांच्या पेन्शनीतून बरेच पैसे गेले होते. एजन्सी काय करणार हे त्याला कोणी सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. प्रतिनोटीस पोचल्यावर एजन्सी म्हणाली, आता पुढे कोर्टात तुम्ही जा, नाहीतर त्याचे वेगळे पैसे. प्रतिनोटिशीवर आमचा पत्ता होता.

“आम्हाला नुसता मेल टाकायचा ना दादा,” मी म्हणाले. “हा आदेश जोडून.”

“साध्या माणसाच्या मेलला कोण उत्तर देतं, मॅडम?”

आम्ही देतो, असं मी म्हणाले. त्याने ऑफिसभर नजर फिरवली. त्याचा विश्वास बसला नसावा.

पान परत आलं. तक्रारदार कुठल्याच कोर्टात गेला नाही. त्याच दिवशी मी नोंदीत दोषमुक्तीचा आदेश तारखेसह घातला. पण मुलाचं म्हणणं वेगळं होतं: ओळ वाढवून काय उपयोग, शोधलं की नाव येतंच, नावच काढा. यावर आमच्याकडे जुंपली. संपादक म्हणाले, खोटी नोटीस देऊन ज्याने ठेवीदारांचं पान बंद पाडलं त्यालाच बक्षीस दिलं तर पुढच्या आठवड्यात अशा दहा येतील. वकील म्हणाले, कायदाच धड ठरलेला नाही. ते खरं आहे: दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निर्दोष सुटलेल्या एकाच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ च्या फेब्रुवारीत निकालातलं नाव झाकायला सांगितलं, आणि जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. माझं मत, संचालकांची नावं राहू द्या, ती लोकांना माहीत असायलाच हवीत. पगारावर नोटा मोजणाऱ्या माणसाचं नाव नसल्याने कुठल्या ठेवीदाराचं काय अडणार आहे? नोटिशीचा राग एजन्सीवर काढा, रोखपालावर नको. असं म्हटलं खरं, पण संपादकांचा मुद्दाही मला झटकता येत नाही. त्याच एजन्सीच्या धाटणीची आणखी एक नोटीस आली आहे, या वेळी एका खाजगी क्लासच्या नोंदीवर.

शेवटी नाव काढलं. तिथे आता ‘शाखेतील एक कर्मचारी (नंतर दोषमुक्त)’ असं आहे.

मुलाचा पुन्हा मेल आला, या वेळी सरळ आमच्या पत्त्यावर, मराठीत, चार ओळींचा, आदेश जोडलेला. आभार मानलेत. आणि विचारलंय की नोंदीच्या ‘इतिहास’ पानावर जुन्या आवृत्त्यांत बाबांचं नाव अजून दिसतं, तेही काढता येईल का. तांत्रिक पोराला विचारलं. तो म्हणाला, काढता येईल, पण आपल्या प्रणालीत एक शब्द झाकता येत नाही, अख्खी आवृत्ती झाकावी लागते. नाव होतं तेव्हापासून ते निघेपर्यंतच्या सगळ्या. म्हणजे त्यात मी केलेला अहिल्यानगरचा बदल आणि कलम ३१८ चा बदलही गेला. उद्या तीच नोटीस पुन्हा आली, तर लेख आधी आमचा होता हे लोकांसमोर दाखवायला काही उरणार नाही. मेलची पोच मी नियमाप्रमाणे २४ तासांत दिली आहे. उत्तर अजून दिलेलं नाही.