साल सगळीच गुणकारी निघते, हीच पंचाईत

औषधी म्हणून तपासायला आलेल्या झाडाच्या सालीचा पहिला निकाल बहुतेक वेळा चांगलाच लागतो, आणि मला नेमका तोच खटकतो. अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या प्लेटवर जंतू पसरायचे, मधे भोक पाडून त्यात अर्क भरायचा, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायचं. सकाळी भोकाभोवती स्वच्छ कडं दिसतं, म्हणजे तिथे जंतू वाढलेले नसतात. झालं, 'जंतुनाशक गुणधर्म सिद्ध'!

अहो, सालीचं कामच ते! बुरशी-किडे खोडात शिरू नयेत म्हणून झाड तिच्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य साठवतं, आणि टॅनिन दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं, जंतूंच्याही. म्हणून टॅनिन आहे का बघायला मी आधी थोड्या अर्कात फेरिक क्लोराइडचा थेंब सोडते. थेंब पडल्या पडल्या तपकिरी द्रव काळानिळा होतो, अगदी दौतीतल्या शाईसारखा. काही साली हिरवट काळ्यावर जातात. मग अर्क पॉलिअमाइडमधून गाळायचा, म्हणजे टॅनिन मागे राहतं, आणि प्लेटवरची चाचणी पुन्हा लावायची. कितीदा तरी कडं गायब! विद्यार्थ्यांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे असतात.

शिवाय लोक पितात पाण्यात उकळलेला काढा, आणि आम्ही साल भिजवतो मिथेनॉल या अल्कोहोलमध्ये. मग तपासलं काय, तर कुणी कधी न घेतलेलं औषध.

उलटी फसगतही होते. इंग्लंडातल्या एडवर्ड स्टोन नावाच्या पाद्र्याला विलो झाडाची साल सिंकोनाच्या, म्हणजे क्विनीनच्या झाडाच्या, सालीसारखी कडू लागली. त्याने ती वाळवून, कुटून सुमारे ५० तापकऱ्यांना दिली, गुण आला, आणि १७६३ मध्ये रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला तसं कळवलं. तिच्यातलं सॅलिसिन हे द्रव्य १८२८ मध्ये वेगळं काढलं गेलं. पण शरीरात त्याचं सॅलिसिलिक आम्ल होतं, तेव्हा कुठे ताप उतरतो. जंतूंच्या प्लेटवर हे कळणार कसं?

म्हणून साल घेताना मी आधी खोदून खोदून विचारते. कुठल्या दुखण्यावर देतात? ओली की वाळलेली? किती पाणी, किती आटवायचं? चाचणी त्यावरून ठरते. आणि पानाफुलांसकट फांदी हवीच. सुक्या तुकड्यावरून झाड ओळखताना भलेभले चकतात. सीता-अशोकाच्या नावावर खोट्या अशोकाची साल सर्रास खपते. फांदी नसेल तर मी साल परत पाठवते.