ऑस्कर आणि क्रेफिशला दिल-कलेजी: माझा अनुभव

आमचा ऑस्कर, म्हणजे टाकीत पाळतात तो मोठा होणारा मासा, घरी आला तेव्हाच वीतभर होता. पुण्याला बदली झालेल्या शेजाऱ्यांनी चार फुटी टाकीसकट तो आम्हाला देऊन टाकला, आणि सोबत त्याची सवयही दिली: गप्पी नावाच्या जिवंत छोट्या माशांशिवाय काही खायचं नाही. माशांच्या खाद्याच्या कोरड्या गोळ्या टाकल्या की वर यायचा, तोंडात घ्यायचा आणि थुंकून टाकायचा. जिवंत मासे घालत राहणं मला पटत नव्हतं. दुकानातल्या गर्दीच्या टाकीतून त्या माशांबरोबर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, परजीवी, सगळंच घरात येतं.

आषाढ लागला होता. आमच्याकडे श्रावणात मटण घरात येत नाही, फ्रीजमध्ये तर नाहीच. सासूबाईंनी आधीच सांगून ठेवलं, "तुझ्या माशाचं काय असंल ते आखाडातच उरक बाई." म्हणजे गप्पीवरून मांसावर आणि मांसावरून गोळ्यांवर, हा सगळा प्रवास श्रावणाच्या आत व्हायला हवा होता.

डिस्कस आणि मोठे सिक्लिड (ऑस्करच्याच कुळातले मासे) पाळणारे लोक परदेशात बैलाचं दिल खाऊ घालतात. आपल्याकडे 2015 पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे, तेव्हा बकऱ्याचं दिल हाच सरळ पर्याय. दिल निवडायचं कारण साधं आहे. ते जवळजवळ निव्वळ स्नायू असतं, चरबी बहुतेक वरच्या टोकाला असते आणि ती सुरीनं सहज निघते. कोंबडीचं दिलही चालतं, पण एवढ्याशा दिलाची चरबी काढत बसायला वेळ फार जातो.

मंगळवार पेठेतल्या आमच्या नेहमीच्या मटणवाल्या मामांना सांगितलं तर ते सुरी थांबवून बघायला लागले. "वैनी, दिलासाठी हितं गिऱ्हाईक भांडत्यात आणि तुम्ही माशाला घालताय?" आषाढात, त्र्यंबोली देवीच्या जत्रेच्या मंगळवार-शुक्रवारी, त्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तरी एक दिल ते बाजूला काढून ठेवायचे. मोठ्या बकऱ्याचं दिल साधारण शंभर-दीडशे ग्रॅम भरतं, आणि एका माशाला तेवढं पुष्कळ दिवस पुरतं.

साफ करणं हेच खरं काम. दिल उभं चिरून उघडलं की आतल्या कप्प्यांत काळपट रक्ताच्या गुठळ्या सापडतात. त्या बोटानं काढायच्या. आत पांढऱ्या, दोऱ्यासारख्या चिवट शिरा असतात, झडपांना धरून ठेवणाऱ्या. त्या माशाला पचत नाहीत, कापून टाकायच्या. वरची नळकांडी, बाहेरचा पातळ पापुद्रा आणि पांढरी चरबी, सगळं काढायचं. मग नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. चरबीबद्दल मी फार काटेकोर आहे. थंडीत सकाळी उरलेल्या मटणाच्या रश्श्यावर पांढरा थर गोठलेला आपण सगळ्यांनी बघितलाय. 26-28 अंशांच्या पाण्यात राहणाऱ्या माशाच्या पोटात ती चरबी तशीच घट्ट राहते. माशाचं शरीर पातळ, असंपृक्त तेलांवर चालतं. सतत चरबीचं मटण मिळालं की त्याच्या यकृतावर चरबी चढते, आणि बाहेरून काही कळत नाही.

साफ केलेलं दिल अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवून जरा कडक करायचं. मग ते किसणीवर छान किसलं जातं. ताजं असताना किसायला गेलं तर नुसतं घसरतं. पाट, सुरी, किसणी वेगळी ठेवायची, कारण गोठवल्यानं कच्च्या मांसातले सगळे जंतू मरत नाहीत. हात साबणानं धुवायचे, हे घरात लहान मुलं असतील तर दोनदा सांगावंसं वाटतं.

किसलेलं दिल नुसतं पाण्यात सोडलं की विखुरतं, म्हणून ते बांधायला काहीतरी लागतं. अनेक जण जिलेटिन वापरतात. पण जिलेटिन 30-35 अंशांना वितळतं, आणि कोल्हापुरात एप्रिल-मेमध्ये टाकीचं पाणी सहज तिशीला टेकतं. मी चायना ग्रास घेतलं. ते उकळून विरघळवायचं, बोटाला सोसेल इतकं निवू द्यायचं आणि घट्ट व्हायच्या आत मिसळायचं. एकदा धरलं की 80 अंशांच्या पुढे गेल्याशिवाय वितळत नाही. मिश्रणात वाफवलेला पालक, सोललेले मटार आणि भिजवून कुटलेल्या त्याच गोळ्या, ज्या तो थुंकत होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत पातळ थापून, सुरीच्या पाठीनं चौकोन आखून फ्रीझरमध्ये. लागेल तेवढी वडी मोडून घ्यायची.

सगळी युक्ती प्रमाणात होती. पहिल्या खेपेला दिल जास्त आणि गोळ्यांची पूड चिमूटभर. पहिली वडी त्यानं घेतली, थांबला, गिळली आणि लगेच काचेशी येऊन दुसरीची वाट बघायला लागला. पुढच्या प्रत्येक खेपेला दिल कमी करत गेले आणि पूड वाढवत गेले. मध्येच एकदा अडून बसला, तर दोन दिवस काहीच घातलं नाही. धडधाकट मोठा मासा आठवडाभर सहज उपाशी राहू शकतो, हे मनाशी पक्कं असलं की माणूस घाबरून पुन्हा गप्पी आणायला धावत नाही.

ऑस्करचं खाणं सांडासांडीचं. चावताना कल्ल्यांतून बारीक मांस बाहेर उडतं आणि खडीत जाऊन बसतं. ते कुजलं की अमोनिया. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण त्यांचा वेग ठरलेला असतो. एकदम ढीगभर मांस पडलं तर ते पुरे पडत नाहीत. पाणी जितकं उबदार आणि पीएच जितका जास्त, तितका तोच अमोनिया अधिक विषारी. म्हणून मांस घातल्यावर दहा मिनिटांत नळीनं तळ ओढून काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी थेंबांच्या किटनं तपासायचं. पिवळा रंग आला की ठीक, हिरवट दिसला की पाणी बदलायचं. वीज गेलेली असेल, फिल्टर बंद असेल, तर मांस अजिबात नाही. 2019 च्या महापुरात पंपिंग स्टेशनं पाण्याखाली गेली आणि कितीतरी दिवस नळाला पाणी नव्हतं, हे आपण विसरलेलो नाही. पाऊस चढला की मी मांस बंदच करते. बदलायला पाणी नसेल तर टाकीत कुजण्यासारखं काही नको.

आता क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला, नांग्या आणि कवच असलेला प्राणी. दुकानात निळा लॉबस्टर म्हणून विकतात तो. त्याची टाकी वेगळी आहे, ऑस्करनं त्याला सोडला नसता. क्रेफिशला मांस आवडतं यात शंकाच नाही. हरभऱ्याएवढा दिलाचा तुकडा सोडला की आधी मिशा हलतात, मग पुढच्या पायांच्या छोट्या चिमट्यांनी तो तुकडा तोंडाशी नेतो आणि उलटा सरकत पाइपात शिरतो. अडचण तिथंच आहे. खाऊन उरलेलं तो पाइपात साठवतो आणि ते तिथं सडतं. रात्री दिलेला तुकडा सकाळी पाइप हलवून बघितल्याशिवाय मी ऑफिसला जात नाही.

पण क्रेफिशची खरी गरज मांस नाहीच. त्याला कवच बदलायचं असतं, आणि दिलात कॅल्शियम जवळजवळ नसतं. कात टाकण्याआधी तो जुन्या कवचातला चुना काढून पोटात दोन पांढऱ्या खड्यांच्या रूपात साठवतो, आणि कात टाकल्यावर जुनं कवचही खाऊन टाकतो. ते कवच घाण समजून काढू नये. मी काष्ठौषधींच्या दुकानातून समुद्रफेस आणते, धुऊन त्याचा तुकडा टाकीत ठेवते. बाकी त्याचं रोजचं खाणं म्हणजे वाफवलेलं गाजर, मटार, आणि देशी बदामाची वाळून पडलेली पानं, जिथं औषध फवारत नाहीत अशा अंगणातली. पानाच्या नुसत्या शिरा उरतात.

कलेजी मात्र मी दोघांनाही देत नाही, कितीही लोकांनी सुचवलं तरी. ती पाण्यात पडताच विरते आणि पाणी गढूळ, तेलकट होतं. अ जीवनसत्त्व तिच्यात इतकं असतं की सतत दिलं तर शरीरात साठत जातं. शिवाय तांबं. मेंढीच्या कलेजीत 100 ग्रॅममागे सुमारे 7 मिलिग्रॅम तांबं असतं, दिलात अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. क्रेफिशच्या निळसर रक्ताला थोडं तांबं लागतंच, पण पाण्यात ते जरा वाढलं तरी कोळंबी, क्रेफिश आधी मरतात. माशांच्या काही औषधांत तांबं असतं, त्या बाटल्या मी क्रेफिशच्या टाकीजवळही ठेवत नाही.

आणि एक विनंती. क्रेफिश सांभाळणं जमेनासं झालं तर रंकाळा किंवा कळंबा तलावात सोडू नका. भारतात मुळात एकही देशी क्रेफिश नाही. अमेरिकेतून गेलेल्या जातींनी कितीतरी देशांत काठ पोखरून ठेवलेत, आणि संगमरवरी क्रेफिशची तर एकटी मादी नराशिवाय पिल्लं घालते. दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या कुणाला द्या.

श्रावण लागायच्या आधी ऑस्कर कोरड्या गोळ्या घ्यायला लागला, आणि सासूबाईंनी स्वतः फ्रीझर उघडून खात्री करून घेतली. आता गोळ्या हेच त्याचं जेवण. श्रावण सोडून इतर महिन्यांत आठवड्यातून एकदा दिलाची वडी मिळते, क्रेफिशला त्यातलाच कोपरा. गोळ्यांचा डबा लहानच आणते, कारण उघडल्यानंतर त्यातलं क जीवनसत्त्व महिन्यागणिक उतरत जातं.