परग्रहवासीयांचं नाव काढलं की शास्त्रज्ञ लगेच ‘नाही’ का म्हणतात?

आकाशदर्शन असो की व्याख्यान, प्रश्नोत्तरांत हा प्रश्न हमखास येतो. सूर बहुतेकदा तक्रारीचा असतो. अवकाशातून विचित्र सिग्नल आल्याची बातमी झळकते आणि दोन दिवसांत कुणीतरी शास्त्रज्ञ ‘तसं काही नाही’ म्हणून मोकळा होतो. या लोकांना कल्पनाशक्तीच नाही का?

आहे, आणि भरपूर आहे. १९६७ मध्ये केंब्रिजला जोसेलिन बेल ही संशोधक विद्यार्थिनी रेडिओ दुर्बिणीचे कागदी आलेख डोळ्यांनी तपासत असे. दिवसाला तीसेक मीटर कागद! त्यात मधूनच एक बारीकशी विस्कटलेली खूण दिसायची, जेमतेम अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरची. दुसऱ्या कुणी ती सोडून दिली असती. बेलच्या लक्षात आलं, की ही खूण रोज साधारण चार मिनिटं आधी येते. तारे असेच रोज चार मिनिटं आधी उगवतात. माणसाची यंत्रं मात्र सूर्याच्या घड्याळावर चालतात. म्हणजे हे जे काही होतं, ते आकाशातलं होतं. नोव्हेंबरात तिने कागद वेगाने पळवून नोंद घेतली, तेव्हा खुणेच्या जागी ठोके उमटले. दर १.३३ सेकंदाला एक, आणि घड्याळाला लाजवतील इतके नियमित.

त्या स्रोताला गटाने ‘लिट्ल ग्रीन मेन’ असं नाव दिलं, म्हणजे हिरवी बुटकी माणसं. नाव गमतीचं असलं तरी शक्यता गांभीर्यानेच तपासली गेली. तिचे मार्गदर्शक अँटनी ह्युइश यांचा विचार असा होता: कुणी सिग्नल पाठवत असेल तर ते एखाद्या ग्रहावर राहत असणार. ग्रह आपल्या ताऱ्याभोवती फिरणार, म्हणजे कधी आपल्याकडे येणार, कधी दूर जाणार. मग ठोक्यांमधलं अंतरही त्या लयीत किंचित कमी-जास्त व्हायला हवं. मोजून पाहिलं, तर फरक सापडला तो फक्त आपल्या पृथ्वीच्या फिरण्याचा. डिसेंबरात बेलला आकाशाच्या दुसऱ्याच भागात असाच आणखी एक स्रोत सापडला. दोन वेगळ्या संस्कृती एकाच वेळी, एकाच पद्धतीने आपल्यालाच हाका मारताहेत, हे मात्र पटणं कठीण होतं.

उरलं ते मला तरी हिरव्या माणसांपेक्षा अद्भुत वाटतं. सूर्याहून जास्त वस्तुमान एखाद्या शहराएवढ्या गोळ्यात कोंबलेला, भोवऱ्यासारखा गरगरणारा आणि दर फेरीला एक ठोका देणारा न्यूट्रॉन तारा. बाडे आणि झ्विकी या खगोलशास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये असे तारे असतील असं मांडलं होतं, पण त्या कल्पनेकडे फारसं कुणी लक्ष दिलं नव्हतं. या शोधाचं नोबेल १९७४ मध्ये ह्युइश यांना मिळालं. बेलला मिळालं नाही, आणि तो अन्याय होता असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा किस्सा ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या ६४ मीटर व्यासाच्या दुर्बिणीचा. २००७ मध्ये तिच्या जुन्या नोंदींत २००१ सालचा एक रेडिओ स्फोट सापडला. काही मिलिसेकंदांचा, पण प्रचंड तेजस्वी. त्याच्या कमी कंप्रतेच्या (फ्रिक्वेन्सीच्या) लहरी जास्त कंप्रतेच्या लहरींच्या मागून पोचल्या होत्या. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे असा उशीर होतो, आणि उशीर जितका जास्त तितका स्रोत दूर. हा आपल्या आकाशगंगेच्या फार बाहेरचा दिसत होता.

मग त्याच दुर्बिणीत तसलेच उशिराचे आणखी स्फोट सापडले, पण त्यांचं लक्षण वेगळं होतं. दुर्बिणीचा ग्राहक, म्हणजे लहरी टिपणारा रिसीव्हर, आकाशातल्या १३ शेजारशेजारच्या जागा एकदम बघतो. खरा तारकीय स्रोत त्यातल्या एखाद-दोन जागी दिसतो; हे स्फोट तेराही जागी दिसत, आणि तेही माणसांच्या कामाच्या वेळेत! त्यांना ‘पेरिटॉन’ म्हणू लागले. साहजिकच मूळच्या स्फोटावरही संशय आला.

२०१५ मध्ये एमिली पेट्रॉफ आणि सहकाऱ्यांनी छडा लावला. केंद्रावर नव्याने बसवलेल्या उपकरणात पेरिटॉनच्या क्षणीच २.४ गिगाहर्ट्झचा गोंगाट नोंदला गेला होता, म्हणजे संशय याच कंप्रतेवर चालणाऱ्या मायक्रोवेव्ह ओव्हनवर. ओव्हन चालवून पाहिला तेव्हा काहीच झालं नाही. मग वेळ संपायच्या आधीच दार उघडून पाहिलं. बंद पडता पडता आतल्या मॅग्नेट्रॉनने, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या भागाने, क्षणभर लहरी बाहेर सोडल्या आणि पेरिटॉन उमटला.

ही गोष्ट लोक शास्त्रज्ञांची फजिती म्हणून सांगतात. मला ती आवडते ती वेगळ्या कारणासाठी. ओव्हनची सही नेमकी कशी असते हे कळल्यामुळेच २००१ चा स्फोट तसा नाही, हे दाखवता आलं. २०१७ मध्ये २००१ च्यासारखे स्फोट करणाऱ्या एका स्रोताचं ठिकाण सापडलं, सुमारे ३ अब्ज प्रकाशवर्षं दूरच्या एका बटू दीर्घिकेत, म्हणजे छोट्या आकाशगंगेत. एप्रिल २०२० मध्ये आपल्याच आकाशगंगेतल्या एका मॅग्नेटारने, म्हणजे अतितीव्र चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्याने, तसाच स्फोट केला. बाकीचे सगळे स्फोट तिथूनच येतात का, यावर अजून काम चालू आहे.

यानंतर ‘ओउमुआमुआ’चं काय, असं कुणीतरी विचारतंच. २०१७ मध्ये दुसऱ्या कुठल्या तरी ताऱ्याकडून आलेली ती वस्तू सूर्यापासून दूर जाताना नुसत्या गुरुत्वाकर्षणाच्या हिशोबापेक्षा किंचित जास्त वेगाने गेली, आणि धूमकेतूसारखी शेपटी मात्र दिसली नाही. परग्रहवासीयांचं प्रकाशावर चालणारं शीड असेल, असंही मांडलं गेलं. बर्फात अडकलेला हायड्रोजन सुटून हलकासा धक्का बसला असेल, हे २०२३ मधलं स्पष्टीकरण मला जास्त पटतं. शिडाची कल्पना मांडणं गैर नव्हतं, पण तिची ह्युइशसारखी परीक्षा घ्यायला हवी होती आणि वस्तू तोवर हाताबाहेर गेली होती. २०१९ मध्ये बोरिसॉव्ह आणि २०२५ मध्ये ॲटलास हे दोन पाहुणे आले, तेव्हा दोघांभोवतीही धूमकेतूचा धुरकट वायू-धुळीचा वेढा स्पष्ट दिसला. ओउमुआमुआसारखा बिनशेपटीचा पाहुणा पुन्हा यावा, आणि या वेळी तो सूर्याजवळ पोचायच्या आधीच सापडावा, अशी माझी फार इच्छा आहे.