आधी डाग, मग चित्र

कलाशिक्षण संपलं तेव्हा हात चांगला बसलेला होता. व्यक्तिचित्र म्हणा, स्थिरचित्र म्हणा, हुबेहूब उतरायचं. अडचण तिथेच होती. ब्रश उचलायच्या आधीच चित्र डोक्यात तयार असायचं, मग उरायची ती नुसती हमाली.

त्यातून सुटलो माक्स अर्न्स्टमुळे. हा अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट) चित्रकार, म्हणजे आधी ठरवून न काढता अबोध मनाला चित्र सुचवू देणाऱ्यांपैकी. १९२५ साली त्याने लाकडी जमिनीच्या फळ्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेल्या रेषांत जंगलं, पक्षी, प्राणी शोधले. याला फ्रोताज म्हणतात. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आपण करतो तेच. मी महिनाभर दारं, जाळ्या, गोणपाट, जे हाती येईल ते घासलं. पहिले चाळीसेक कागद टाकाऊ निघाले, कारण घासता घासताच मी ‘हा घोडा’ असं ठरवून मोकळा होत होतो.

त्याच पंथातल्या आंद्रे मासोंची वाळूची पद्धत जास्त मानवली. कॅनव्हासवर गोंद ओतायचा, वर वाळू टाकायची, न चिकटलेली झटकायची आणि उरलेल्या आकारांना रेषेने, रंगाने जागं करायचं. गोंद कुठे पळेल यावर आपला ताबा नसतो. माझ्याच कॅनव्हासवर मला अनोळखी असं काही पहिल्यांदा तिथे दिसलं.

उत्साहात एक घोडचूक केली. तेलरंगावर ॲक्रिलिक, म्हणजे पाण्यात मिसळणारा रंग, चढवलं. काही महिन्यांनी दोन चित्रांचे पापुद्रे सुटले. ॲक्रिलिक खाली चालतं, वर नाही. आणि तेलरंगातही खालचे थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत तेल जास्त. शिकलेलं होतं की हे! पण अबोध मनाच्या नादात असल्या गोष्टी क्षुल्लक वाटतात.

मग अर्शिल गॉर्की या चित्रकाराविषयी वाचलं. त्याची चित्रं आपसूक वाहत आल्यासारखी वाटतात, पण कितीतरी चित्रांआधी त्याने तपशीलवार रेखाटनं केली होती, चौकटी आखून ती कॅनव्हासवर उतरवली होती. आधी फसवल्यासारखं वाटलं, नंतर हायसं. डाग पडू द्यायचा एक दिवस, निवडायचा दुसरा, असं मी तेव्हापासून करतो.

कलादालनांनी मात्र दाद दिली नाही. एकाने विचारलं, ‘ही सगळी एकाचीच चित्रं आहेत का?’ लागलं, पण खरं होतं. स्पॅनिश चित्रकार जोआन मिरोने १९४०-४१ मध्ये ‘नक्षत्रं’ ही २३ चित्रांची मालिका लहान कागदांवर केली होती, ती आठवली. मीही एकाच मापाचे कागद घेतले. ब्रश पुसून पडलेले डाग हीच सगळ्यांची पार्श्वभूमी. वर्षभरात अठरा जमले. त्यातले सहा एका समूह प्रदर्शनात लागले, एक विकलं गेलं. पैसे कॅनव्हासातच गेले.

सध्या एक मोठं काम भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. परवा उलटं धरून पाहिलं, तर कोपऱ्यात मासा दिसायला लागला होता. पुन्हा फिरवून ठेवलं.