रेड रमचे खूर

१८ ऑक्टोबर

१९९५ साली आजच्याच तारखेला रेड रम हा शर्यतीचा घोडा गेला, तिसाव्या वर्षी. लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री रेसकोर्सवर, विनिंग पोस्टपाशी, म्हणजे शर्यत संपते त्या खांबापाशी, त्याला पुरलंय. ग्रँड नॅशनल, म्हणजे तिथलीच अडथळ्यांवरून उड्या मारायची मोठी शर्यत, तीनदा जिंकली (१९७३, १९७४, १९७७), मधली दोन वर्षं दुसरा. दर वेळी तीस अडथळे, म्हणजे पाच शर्यतींत दीडशे उड्या, आणि एकदाही पडला नाही. महालक्ष्मीच्या सपाट शर्यती पाहणाऱ्याला याचा अंदाज येणं कठीणच.

१९७३ची शर्यत सगळे सांगतात: क्रिस्प नावाचा घोडा बराच पुढे, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात रेड रमने त्याला गाठून घोड्याच्या पाऊण लांबीने हरवलं. पण क्रिस्पच्या पाठीवर २३ पौंड, जवळजवळ साडेदहा किलो, जास्त होते (सरस घोड्यावर जास्त वजन द्यायची इथे पद्धत) हे सांगायचं राहून जातं. पुढच्या वर्षी मात्र रेड रमच बारा स्टोन, म्हणजे ७६ किलो, घेऊन जिंकला. माझ्या मते मोठी शर्यत ती.

खरी गंमत खुरांची. १९७२मध्ये ट्रेनर जिंजर मॅकेनने त्याला ६,००० गिनींना (गिनी हे जुनं इंग्रजी चलन) घेतला, तेव्हा खुरातल्या हाडाला दाह होता. खुराचं कवच टणक, आत सुजेला पसरायला जागा नाही. त्यामुळे कडक जमिनीवर प्रत्येक टापेला कळ. मॅकेनचा तबेला साउथपोर्टला, मोटारींच्या शोरूममागे, सराव समुद्रकिनारी. लंगडणारा घोडा पाण्यात दुडक्या चालीने फिरवला की मोकळा चालायचा. गार पाण्याने सूज उतरते, ओल्या वाळूत हादरा कमी बसतो. वाळू मात्र नुकत्याच ओसरलेल्या भरतीची हवी. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि स्नायुबंध ताणले जातात.

शेवटी पायानेच थांबवलं. १९७८च्या नॅशनलच्या आदल्या दिवशी, हाडाला बारीक चीर गेल्यामुळे, नाव मागे घेतलं. वय तेरा.

निवृत्त घोड्याला एकदम मोकळं सोडणं हीच मोठी चूक. ओट्स दोन-तीन आठवड्यांत हळूहळू उतरवायचे, व्यायामही तसाच. श्रम थांबले आणि खुराक तोच राहिला, तर स्नायू आखडतात. हिरव्या कुरणात अचानक पोटभर चरला, तर खुरांचा दाह. सोबतीला दुसरं जनावर हवं. म्हाताऱ्या घोड्याचे दात वर्षातून एकदा तरी तपासायचे, नाहीतर गवत नीट न चावता गिळतो आणि पोटशूळ उठतो. रेड रमला कामही होतं: दुकानांची उद्घाटनं, नॅशनलआधीचं संचलन. गर्दी पाहिली की कान टवकारायचा म्हणे.