त्या ताऱ्याखालची माणसं

२८ डिसेंबर, रात्री

नाताळ झाला, फराळाचे डबे निम्मे झाले, पाहुणे आपापल्या गावी गेले. रियाने पाठवलेली गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. आर्थर क्लार्कची ‘द स्टार’. १९५५ची, अगदी छोटी. "मावशी, तुम्हाला अवकाशातल्या गोष्टी आवडतात ना, ही वाचाच," एवढंच ती म्हणाली होती. नाताळाच्या तोंडावर वाचायला नको होती, असं सारखं मनात येतं. आणि मग वाटतं, ही नाताळात नाही वाचायची तर कधी?

जेझुइट नावाच्या कॅथलिक संघातला एक पाद्री, जो खगोलशास्त्रज्ञही आहे, यानातून पृथ्वीकडे परत येतोय. व्हॅटिकनपासून तीन हजार प्रकाशवर्षं लांब एक तारा फुटून गेलाय, त्याचे अवशेष तपासायला ही मंडळी गेली होती. त्या ताऱ्याचा सगळ्यात बाहेरचा ग्रह तेवढा तगलाय, आणि त्यावर एक खूण उभी केलेली दिसते. खुणेखाली तळघर. आपला सूर्य फुटणार हे तिथल्या लोकांना आधीच कळलं होतं. शेजारच्या ग्रहांपर्यंत ते जाऊ शकत होते, दुसऱ्या ताऱ्यापर्यंत नाही. मग आपलं जे जे चांगलं होतं ते सगळं त्यांनी तिथे आणून ठेवलं, पुढेमागे कुणाला तरी सापडेल म्हणून. त्यात एक दृश्य आहे: निळसर वाळूचा किनारा आणि लाटांत खेळणारी पोरं. शेवटी पाद्री हिशेब मांडतो. स्फोट कधी झाला, त्याचा उजेड पृथ्वीवर कधी दिसला असेल. उत्तर येतं बेथलेहेम: येशू जन्मला तेव्हा दिसलेला तारा तोच.

त्या ताऱ्यामागे मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, निघाले तेव्हा ती पोरं जाऊन तीन हजार वर्षं झाली होती.

विज्ञान शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे पहिल्यांदा मी भांडले ती विज्ञानावरून. फुटलेला तारा पुढे पुढे चालत नाही, एखाद्या घरावर येऊन थांबत नाही. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ साली स्वतः नवा तारा पाहिला होता, गुरू-शनीच्या युतीची गणितं मागे नेत तो इसवी सनापूर्वी ७पर्यंत पोहोचला होता, तरी बेथलेहेमचा तारा नेमका काय होता याचा वाद आजही मिटलेला नाही. आणि ताऱ्याची ही कथा ज्याच्या शुभवर्तमानात येते त्या मत्तयाने कुठे लिहिलंय की त्या ताऱ्यामुळे कुणी मेलं? ते क्लार्कने घातलं पदरचं. हे सगळं मी रियाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "हो मावशी, पण पोरांचं काय?"

पोरांचं काय. हेच तर.

यंदाही चांदणी मीच बांधली. पाच कामट्यांची एक चौकट, तशीच दुसरी, टोकाला टोक लावून सुतळीने आवळायची, मधे बोटभर काड्या खोचून पोट फुगवायचं, मग खळ लावून पतंगाचा कागद. आवळताना दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. मी ते गुडघ्यात धरलं. अभय असता तर

असो.

त्या वेळी घरी येणारा प्रत्येक जण एकच वाक्य म्हणायचा, की देवाची काही योजना असेल. प्रेमानेच म्हणायचे सगळे, ते मला तेव्हाही कळत होतं. पाळकसाहेबही म्हणाले. मी मान डोलवायची आणि चहा ठेवायला आत जायची. आणि आता एका गोष्टीतला पाद्री तीच योजना समोर घेऊन बसलाय. जेझुइट संघ स्थापणाऱ्या लोयोलाच्या भिंतीवरच्या चित्राला विचारतोय की तुमची श्रद्धा यातून निभावली असती का. दुसरा कुठलाच तारा नव्हता का देवाकडे? आकाश भरून तारे आहेत, ज्यांच्याभोवती कुणीही राहत नाही. त्यातला एक घ्यायचा. मेंढपाळांना आणि मागींना काय, उजेडाशी मतलब.

पंचविसाच्या सकाळी उपासनेत सगळे उभे राहून गात होते आणि माझ्या तोंडून आवाज फुटेना. आई शेजारी होती, तिने नुसतं पाहिलं. मला राग आला होता, आणि त्याहून जास्त एकटं वाटत होतं. अख्खी मंडळी त्या ताऱ्याकडे तोंड करून आनंद करतेय आणि मला एकटीलाच त्या उजेडात निळी वाळू दिसतेय. हे माझ्याच वाट्याला का यावं, असं वाटून घशाशी आलं.

आज सकाळी मत्तयाचा दुसरा अध्याय काढून बसले. रियाच्या चर्चमध्ये आज बेथलेहेमच्या त्या बाळांचा सण असतो, आमच्याकडे पाळत नाहीत. आमच्या शब्बाथशाळेची, म्हणजे मुलांच्या रविवारच्या शाळेची, नाटिका नेहमी सोनं, ऊद, गंधरस ठेवला की संपते. मागी वाकतात, पडदा. पुढचं मी कधी सावकाश वाचलंच नव्हतं म्हणा, किंवा वाचलं आणि हाती लागलं नाही. हेरोद राजा मागींना गुपचूप बोलावून विचारतो, तारा नेमका कधी दिसला? आणि पुढे दोन वर्षांचे आणि त्याहून लहान मुलगे मारायचे असं ठरवतो, ते त्या वेळेवरूनच. म्हणजे कोण मरणार हे ताऱ्याच्या तारखेवरून ठरलं. पाद्री यानात बसून करतो तो हिशेब हेरोदाने आधीच करून ठेवला होता.

मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ तशीच बसले.

योसेफाला स्वप्न पडलं, ऊठ, बाळाला घेऊन मिसरात पळ. बाकीच्या बापांना का नाही पडलं? एका गल्लीत एक घर रातोरात रिकामं होतं आणि शेजारी झोपलेलेच राहतात. मत्तय याचं उत्तर देत नाही. योजना आहे असंही तिथे म्हणत नाही. जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याचं वचन घेतो: राहेल आपल्या मुलांसाठी रडतेय, आणि तिला सांत्वन नकोय. बस. तिला कुणी गप्प कर म्हणत नाही, कुणी समजावत नाही. आनंदाच्या गोष्टीच्या मधोमध ती बाई रडत ठेवलीय, आणि पुढे हेरोद मरतो, गोष्ट नासरेथला जाते.

मग क्लार्कने घातलं पदरचं, असं मला आता म्हणवत नाही. २००८ साली हा माणूस कोलंबोत वारला. आपल्या अंत्यविधीत कुठल्याही धर्माचा विधी नको, असं लिहून ठेवून गेला होता. त्याचा देवावर विश्वास नसेल, पण ज्याचा आहे त्याला कुठे दुखतं हे त्याला नेमकं ठाऊक होतं. आणि त्याचा तो पाद्री गोष्ट संपेपर्यंत पाद्रीच राहतो. श्रद्धा डळमळलीय, पण विचारतोय देवालाच.

त्याच १९५५मध्ये सी. एस. लुईसचं मुलांसाठीचं पुस्तक ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ आलं, हे आज लक्षात आलं. त्यातल्या डिगरीची आई मरणपंथाला लागलीय. तो सिंहाकडे, अस्लानकडे, तिच्यासाठी काहीतरी मागतो, खाली मान घालून. मान वर करतो तर अस्लानच्या डोळ्यांत त्याच्यापेक्षा मोठे अश्रू. पुढे डिगरीला सफरचंद मिळतं आणि आई बरी होते. लुईस नऊ वर्षांचा असताना त्याची आई कॅन्सरने गेली. त्यानेही प्रार्थना केल्या होत्या. जे स्वतःला मिळालं नाही ते त्याने लिहून दुसऱ्या पोराच्या हातात दिलं. मी हे पुस्तक अभयला वाचून दाखवलं होतं, तेव्हा सफरचंदाची जागा त्याला फार आवडायची. मला आज अश्रूंची जागा जास्त खरी वाटते. सफरचंद दर वेळी मिळत नाही.

दोन्ही गोष्टी मला लागतात. एकटी लुईसची असती तर मी तिच्यावर रुसले असते. एकटी क्लार्कची असती तर त्या थंड यानातच अडकले असते.

संध्याकाळी आईला सोळा ते अठरा ही वचनं मोठ्याने वाचून दाखवली. ती करंज्या डब्यात लावत होती, हात थांबले. म्हणाली, "हे वाचायचं राहूनच जातं गं नेहमी." आणि थोड्या वेळाने म्हणाली, "त्या वेळी मीही तुला योजनाच म्हटलं होतं ना?" मी नाही म्हटलं. तिलाही माहीत आहे की म्हटलं होतं. मला आता त्याचं काही वाटत नाही, किंवा वाटतं ते सोसण्याइतकं आहे.

पुढच्या नाताळात मागी नमस्कार करून गेले की पडदा पाडायचा नाही. एका मोठ्या मुलीने पुढे येऊन ती तीन वचनं वाचायची, कुठल्याही संगीताशिवाय. मगच शेवटचं गीत. लहान मुलं घाबरतील, आईबाप कुरकुरतील, पाळकसाहेब म्हणतील की सणाच्या दिवशी कशाला. रविवारी उपासना सुटल्यावर त्यांना गाठते. नाही म्हणाले तर ईस्टरनंतर पुन्हा विचारीन.