तुम्ही विचारलंत म्हणून : हे तर डॉक्टरांचं काम ना?

म्हातारपणाच्या दुखण्यांशी मानववंशशास्त्राचा काय संबंध, ते तर डॉक्टरांचं काम ना? मी मानववंशशास्त्रज्ञ, म्हणजे माणसांच्या जगण्याच्या रीतींचा अभ्यास करणारी; ओळख झाली की हा प्रश्न येतोच. पूर्वी मी शास्त्राची व्याख्या सांगायचे. आता एका आजींबद्दल सांगते.

म्हातारं माणूस किती स्वावलंबी आहे हे पाहायला अमेरिकेतले डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून उठणं, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हातानं जेवणं, अशा सहा गोष्टी. ती आजही वापरतात, आणि ती उपयोगाचीच आहे. आजींना विचारलं, "आंघोळ स्वतः करता?" "हो तर!" मी खूण केली. तिसऱ्या भेटीत गप्पांच्या ओघात कळलं की मुलगी कामावरून आल्याशिवाय त्या न्हाणीघरात पाऊलच टाकत नाहीत. आतून कडी लावत नाहीत. मुलीला उशीर झाला, तर त्या दिवशी आंघोळ नाही. पडायची भीती! कागदावर मात्र त्या पूर्ण स्वावलंबी.

माझं काम त्या तिसऱ्या भेटीचं आहे. परक्या माणसापुढे आपली लाचारी पहिल्याच दिवशी कोण सांगेल?

आणि मला खरी अस्वस्थ करते ती विषमता. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास 1967 मध्ये सुरू झाला. सगळे पगारदार, बहुतेक कचेरीत काम करणारे. तरीही हुद्दा जितका खालचा, तितकं मृत्यूचं प्रमाण जास्त, अगदी पायरीपायरीनं. धूम्रपानासारख्या कारणांनी त्याचा पूर्ण उलगडा होईना. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक आर्लिन जेरोनिमस यांनी 1992 मध्ये 'वेदरिंग'ची कल्पना मांडली : वंशभेद आणि ओढगस्त वर्षानुवर्षं सोसणारं शरीर वयाआधीच झिजतं. म्हणजे जन्मसाल एकच असलं, तरी दोन माणसं एकाच वयाची असतील असं नाही. हे वाचलं आणि मी माझ्या सगळ्या जुन्या नोंदी पुन्हा काढून बसले.

आता माझ्या प्रश्नावलीत वयानंतर आणखी दोन प्रश्न असतात. अंगमेहनतीचं पहिलं काम कितव्या वर्षी केलंत? आणि आंघोळीच्या वेळी घरात कोण असतं? दुसऱ्या प्रश्नावर माणसं बराच वेळ गप्प होतात. मी वही मिटून बसून राहते.